लग्न न सापडलेल्या पिक्चरचा डायरेक्टर

डायरेक्टर माणसाला गाढव म्हणे तेही अदबीनं. "तुमी गाढव हाव," असं समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगे आणि लगेच त्याच आवाजात, "बसा, चहा घ्या," म्हणे. उदगीरच्या आडत बाजारात वाढलेला माणूस. तिथं गिऱ्हाइकाला 'अरे-तुरे' करायची सोय नव्हती, आणि गिऱ्हाइकाबद्दल चांगलं वाटून घ्यायची याची तयारी नव्हती. सगळ्या जगाशी तो असाच वागला. मला त्यानं कधी 'तू' म्हटलं नाही, आणि मीही समोर असताना 'तुम्ही'च म्हणत आले. लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे. एवढा सूड मला घेऊ द्या.

'बँड तयार हाय' हा त्याचा एकुलता एक पिक्चर. लातूर-नांदेडकडच्या एका पिढीला तो तोंडपाठ आहे, म्हणून गोष्ट सांगायची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगावी इतकी गोष्ट त्यात नाहीच. दुष्काळाचं साल आहे. लग्नं थांबली आहेत. सात जणांची एक बँडपार्टी लाल कोट घालून, वाजवायला एखादं लग्न मिळतंय का ते बघत गावोगाव हिंडते. एका गावात ते बंडिंगच्या, म्हणजे शेतांना बांध घालायच्या, कामावर आलेल्या साहेबालाच नवरदेव समजून त्याच्यापुढं वाजवतात. कोरड्या तळ्यात बसून गंजलेल्या सनईवरून भांडतात. पुढच्या गावाला जातात. बस.

त्या पिक्चरमधली नवरी मी होते. म्हणजे, होणार होते.

मी तेव्हा नांदेडला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि हौसेनं नाटकात काम करत होते. एका प्रयोगानंतर हा माणूस आत आला आणि म्हणाला, "बाई, तुमी काम वाईट करता. पण थकल्यासारख्या दिसता. मला तेच पायजे." मी पिक्चरमध्ये जाणार म्हटल्यावर वडिलांनी दोन दिवस तोंड फिरवलं. मग डायरेक्टरची अक्का घरी येऊन बसली. मुलगी माझ्यासोबत राहील, माझ्या हातचं खाईल, एवढंच ती म्हणाली, आणि वडील कबूल झाले. अक्का ही त्याची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर दोन्ही भावांना तिनंच वाढवलं होतं. मधला भाऊ आडतीचं दुकान सांभाळी. त्याला पिक्चर हा शब्दही घरात नको होता. धाकटा हा.

शूटिंग मुखेडच्या बाजूला चाललं होतं. बँडपार्टी खरीच होती, उदगीरची. त्या साली त्यांना एक लग्न मिळालं नव्हतं, म्हणून ते याच्या मागं आले. कागदावर लिहिलेलं काही नव्हतं. डायरेक्टर सकाळी पालथ्या डब्यावर बसे आणि बँडवाल्यांना विचारी, काल काय खाल्लं, घरून काही निरोप आला का, कुणाचं कुणाशी वाजलं. त्यातूनच त्या दिवसाचं शूटिंग ठरे. शेजारी दुष्काळी काम चालू होतं. बाया खडी फोडत आणि दुपारी सुकडी, म्हणजे कामावर वाटतात ते सरकारी कोरडं खाणं, घ्यायला रांगेत उभ्या राहत. बँड वाजला की हातोडे थांबत, म्हणून तिथला मुकादम रोज भांडायला येई. डायरेक्टर त्याला अदबीनं बेअक्कल म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच वाजवायला लावी. मी हिरवी साडी पेटीत ठेवून माझ्या दिवसाची वाट बघत होते. आज नाही, उद्या. तीन आठवडे गेले.

शेवटी एका संध्याकाळी मी सरळ विचारलं, माझं काम कधी. तो कॅमेरा पुसत होता.

"लग्न सापडलं की पिक्चर संपला," तो म्हणाला. "म्हणून लग्न सापडणारच न्हाई. तुमी नांदेडला जावा."

मी म्हणाले, हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं का. तो म्हणाला, आजच ठाऊक झालं. माफी वगैरे नाही. मी गेले नाही. निव्वळ रागानं राहिले. वडिलांशी भांडून आले होते. काम न करता परत जाऊन त्यांना काय सांगणार होते? मग कॅमेऱ्यावर छत्री धरायची, बँडवाल्यांचे कोट झटकायचे आणि उरलेला वेळ अक्काजवळ बसून रेशनच्या लाल ज्वारीतले खडे निवडायचे, हे माझं काम झालं.

अक्काला तर पिक्चरमध्ये यायचंच नव्हतं. एका घराच्या उंबऱ्यावर म्हातारी हवी होती. ठरलेली बाई आली नाही, म्हणून डायरेक्टरनं अक्काला तिथं बसवलं आणि सांगितलं, काही बोलू नको, बँड जाऊ दे. बँड आला. उन्हानं सातही जणांची तोंडं उतरलेली. अक्कानं मान वर केली आणि विचारलं, "कोण मेलं रे?" बँडमास्तर खरोखरच गोंधळला. म्हणाला, कुणी नाही, मावशी. तेव्हा अक्का म्हणाली, "मग वाजवायलाव कशाला?" आणि पुन्हा खडे निवडायला लागली. डायरेक्टरनं कॅमेरा बंद केला, पण कौतुकाचा एक शब्द काढला नाही. त्या रात्री जेवताना मात्र, तुझी भाजी खारट झाली म्हणून तो अक्काशी भांडला. त्याला काही फार आवडलं की तो भांडे.

चित्रण मुकं होतं. आवाज नंतर मुंबईला भरायचा होता. बँडवाले आले, अक्काही आली. आवाज भरायच्या बंद खोलीत तिला उभं केलं, पण तिच्या तोंडातून शब्द निघेना. "बोलू कुणाशी? हितं तर कुणीच न्हाई," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. डायरेक्टरनं माझ्याकडं बघितलं. अक्काचे ओठ पडद्यावर हलत होते आणि मी तिच्यासारखं बोलायचं, असं पुन्हा पुन्हा करत दिवस गेला. शेवटी तो म्हणाला, "वाईट हाय. पण चालंल." पिक्चरमधल्या सगळ्या बायांचे आवाज मी दिले. नवरीला आवाज नव्हता, कारण नवरीच नव्हती.

पहिला खेळ लातूरला लागला. तेव्हा लातूर तालुक्याचं गाव होतं, पण टॉकीज मोठी होती. पोस्टरवर लाल कोट आणि चकाकणारी वाद्यं होती, त्यामुळं लोकांना वाटलं नाचगाण्याचा पिक्चर आहे. टॉकीज भरली. मी आणि अक्का बायकांच्या बाजूला बसलो होतो. पडदा उजळला आणि लोकांना भेगाळलेली शेतं दिसली, खडी फोडणाऱ्या बाया दिसल्या. म्हणजे सकाळी जे मागं सोडून ते आले होते तेच. मग कुणीतरी ओरडलं, गोष्ट कुठं आहे. शिट्ट्या सुरू झाल्या. बाक आपटू लागले. आणि उंबऱ्यावर अक्काचा चेहरा आला, तेव्हा मागून आवाज आला, "म्हातारीला सुकडी वाढा रे." सगळी टॉकीज हसली. त्या विनोदी पिक्चरच्या पहिल्या खेळात लोक तेवढं एकदाच हसले.

अक्कानं पदर पुढं ओढला. "चला बाई, घरी जाऊ. आता हा रागवंल," एवढंच ती मला म्हणाली. आम्ही दारापर्यंत पोचलो तोवर डायरेक्टर पडद्यापुढं जाऊन उभा राहिला होता. बँडवाल्यांची चित्रं त्याच्या शर्टावरून चालली होती. तो सांगत होता, "तुमी समदे बेअक्कल हाव. मी तुमच्यासाठी पिक्चर काढला ही माझी चूक हाय, पण गाढव तुमी हाव." एक चप्पल आली, मग पुष्कळ आल्या. तिसऱ्या दिवशी पिक्चर उतरला. इतर गावांत लागलाच नाही.

अक्का पुढं फार दिवस राहिली नाही. तिला दमा होता. पण डायरेक्टरनं ठरवून टाकलं की तिला लातूरनं मारलं. त्या गावचं नाव निघालं की तो उठून जाई. मधल्या भावानं त्याला आडतीवर बसवलं. शेतकऱ्यानं तूर आणली की हा मूठभर हातात घेऊन म्हणे, "तूर तुमच्यापेक्षा हुशार हाय." मग भावानं त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं. भावाचं आणि त्याचं बोलणं जवळजवळ बंदच होतं. माझं लग्न झालं, मुलं झाली. वर्षातून एखादी खेप उदगीरला होई. दर खेपेला तो माझ्या चहात, साडीत, शिकवण्यात काहीतरी खोड काढी. मीही ऐकून घेत नसे. तरी जात राहिले. का, ते माझ्या नवऱ्यालाही कळलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बाहेरगावचे कारकून आले, कॉलेजं वाढली, खोल्या करून राहणारी पोरं आली. त्याच टॉकीजच्या नव्या मॅनेजरला रविवारच्या सकाळच्या खेळाला स्वस्तातलं काहीतरी हवं होतं. वितरकानं धूळ खात पडलेले हे डबे त्याच्या गळ्यात मारले. पहिल्या रविवारी दहा-बारा पोरं होती, तीही पंख्याखाली झोपायला आलेली. पुढच्या रविवारी तीच आली आणि आणखी चार जणांना घेऊन आली. महिन्या-दोन महिन्यांत पोरं लाल सदरे घालून येऊ लागली. गोष्ट नसल्यामुळं एक सोय होती. कुठूनही बघा, मध्येच उठून चहा पिऊन या, काही बिघडत नव्हतं. रिकाम्या खिशानं, काहीतरी मिळेल म्हणून गावोगाव हिंडणारे ते सात जण त्या पोरांना आपल्यासारखे वाटत असावेत. हे सगळं मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं सांगितलं. तिचा भाऊ तिकडं शिकत होता.

मी डायरेक्टरला सांगायला गेले. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "चला. बंद पाडू."

आम्ही रविवारी लातूरला गेलो. टॉकीज भरलेली होती. पोरं प्रत्येक वाक्य आधीच म्हणत होती. मग उंबरा आला, आणि सगळी टॉकीज एकदम चिडीचूप झाली. अक्कानं मान वर केली, बँडमास्तर गोंधळला, आणि शेकडो पोरांनी एका आवाजात म्हटलं, "मग वाजवायलाव कशाला?" माझा आवाज त्यात बुडून गेला. मला रडू आलं. डायरेक्टर उठला, पडद्यापुढं गेला आणि पहिल्या खेळाला बोलला होता तेच बोलला. समदे बेअक्कल हाव. पोरांना आधी कळेना. मग कुणीतरी ओळखलं, डायरेक्टर आहे. टाळ्यांनी छप्पर हललं. एक पोरगा पाया पडायला आला, त्याच्या त्यानं मुस्काटात दिली. तोही आनंदानं गाल धरून परत गेला.

मॅनेजर हुशार होता. पुढच्या रविवारी पोरं डायरेक्टर येणार का म्हणून विचारू लागली, आणि डायरेक्टर आला. त्याच्या पुढच्याही रविवारी आला. उदगीरहून एसटीनं यायचं, शिव्या द्यायच्या, टाळ्या खायच्या आणि परत जायचं. शिव्या खाण्यासाठी नांदेडची पोरंही गाडी करून येऊ लागली. पिक्चरचं नाव झालं ते असं. मीही कितीदा तरी गेले. त्याला मी विचारलं, इतका राग आहे तर येता कशाला. तो म्हणाला, "मी पडद्याकडं बघत न्हाई. मागं वळून माणसं बघतो. त्या दिवशी अक्काला बोललेला एक तरी सापडंल."

आणि एक सापडला. पोरांच्या गर्दीत चाळिशीकडं झुकलेला एक माणूस बसला होता. खताचं दुकान चालवणारा. मुलाला घेऊन आला होता. खेळ सुटल्यावर डायरेक्टरनं त्याला चहाच्या गाड्यापाशी गाठलं आणि विचारलं, पहिल्या खेळाला तुम्ही होता का. माणूस बिचकला नाही. म्हणाला, होतो, शिट्ट्याही मारल्या आणि बाकही मोडला. म्हातारीला बोललो तो मी नव्हे, पण हसलो.

डायरेक्टरनं त्याची गळपट्टी धरली. मी मध्ये पडणार, एवढ्यात तो माणूस शांतपणे म्हणाला, "माझ्या बहिणीचं लग्न त्या साली मोडलं होतं. जेवण घालायला घरात काय नव्हतं. परत जमलंच न्हाई तिचं. आन् तुमी बँड घेऊन लग्न हुडकायलाव. तुमच्या बँडला मी कसा हसू, सांगा?"

डायरेक्टरचा हात तसाच राहिला. मग त्यानं विचारलं, आता कसे हसता. माणूस म्हणाला, "आता ती न्हाई. ती असती तर लई हसली असती. तिच्या वाट्याचं बघायला येतो."

डायरेक्टरनं गळपट्टी सोडली आणि त्याची इस्त्री हातानं नीट केली. माफी मागितली नाही, माफ केलंही नाही. दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. एसटीत बसल्यावर त्यानं दोघांची तिकिटं काढली. नंतर म्हणाला, "त्या दिवशी पिक्चर त्या एकट्याला कळला होता." त्यानंतर तो लातूरला गेला नाही. पोरांनी वाट बघितली, बोलावणी धाडली. जिल्ह्याच्या थोर माणसांचा सत्कार निघाला, त्यात याचंही नाव होतं. शाल-नारळ घेऊन मंडळी घरी आली. त्यानं शाल परत केली आणि नारळ ठेवून घेतला. "चटणीला होईल," म्हणाला. ज्या गावानं चपला मारल्या तेच गाव आता आमचा डायरेक्टर म्हणून मिरवत होतं. त्याच्या जागी मी असते तर नारळही ठेवला नसता.

आमचं शेवटचं भांडण झालं ते पेपरात आलेल्या त्याच्या मुलाखतीवरून. उंबऱ्यावरच्या म्हातारीचा आवाज कुणाचा, असं विचारलं होतं. यानं सांगितलं होतं, माझ्या बहिणीचा, तिचा स्वतःचा. माझं नाव पिक्चरच्या पाट्यांत नव्हतं, ते मी सोसलं होतं. नवरी काढून टाकली, तेही. पण हे मला सोसवेना. मी पेपर घेऊन उदगीरला गेले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच्यापुढं टाकला. हा खोटेपणा आहे, असं सरळ म्हणाले.

तो तेव्हा आजारी होता, खंगला होता. चिडेल असं वाटलं, पण तो हळू बोलला.

"खोटं न्हाई. मला अक्काचा दुसरा आवाज ऐकूच येत न्हाई. रविवार-रविवार तुमचा ऐकला. आता अक्का आठवायला गेलो की तुमीच बोलता. तुमी माझ्या अक्काचा आवाज नेला, बाई."

मी म्हणाले, मूर्खासारखं बोलू नका. अक्का कशी बोलायची ते मला पक्कं आठवतं. तो म्हणाला, मग बोलून दाखवा. मी तोंड उघडलं. निघाला तो पिक्चरमधलाच आवाज. पुन्हा प्रयत्न केला. तोच. अक्का खालच्या सुरात बोले, मराठीत कानडी मिसळे, शब्दाचं शेपूट ओढी, हे सगळं मला सांगता येत होतं. पण ऐकू येत नव्हतं. दुपारभर आम्ही दोघं तिथं बसून एका बाईचा आवाज शोधत राहिलो. मी एक शब्द म्हणावा, त्यानं मान हलवावी, मग त्यानं म्हणावा आणि मी मान हलवावी. मध्येमध्ये एकमेकांना दोष देणं चालूच होतं.

मधला भाऊ पुढच्या दुकानातून हे ऐकत असावा. तो दारात येऊन उभा राहिला. भावाच्या पिक्चरचं पोस्टरसुद्धा त्यानं कधी नजर वर करून बघितलं नव्हतं. टॉकीजची पायरी तर तो चढलाच नव्हता. आमच्याकडं न बघता, भिंतीकडं तोंड करून त्यानं हाक मारली, "तम्मा, ऊटक्क बा."

धाकट्या भावाला जेवायला बोलवायची ती कानडी हाक. आवाज पुरुषाचा, घोगरा, आणि तरी ती अक्काच होती. शब्दाचं ते ओढलेलं शेपूट, मागची ती थकलेली माया, सगळं जागच्या जागी. डायरेक्टरचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तो म्हणाला, परत म्हण.

"मी तुझा नट न्हाई," भाऊ म्हणाला आणि गिऱ्हाईक बघायला निघून गेला.

मग डायरेक्टर मला म्हणाला, तुमची गाडी चुकेल, निघा. मी निघाले. पेपर तिथंच राहिला, भांडणही. तो उन्हाळ्यात गेला. मला कळायला उशीर झाला.

महिनाभरानं मी दुकानावर गेले. भाऊ पोत्यांत हात घालून तूर बघत होते. बसा म्हणाले. शेवटचे काही महिने डायरेक्टर दुपारी मागच्या खोलीतून हलत नसे, असं त्यांनी सांगितलं. जेवायची वेळ झाली की हे दारात जाऊन तशी हाक मारत. मग तो उठे. दोघं जेवत. दुसरं काही बोलत नसत.

मी म्हणाले, मला एकदा ऐकवाल का.

त्यांनी हातातली तूर पोत्यात सोडली. "न्हाई," म्हणाले. "तुमी पिक्चरवाले. तुमाला ऐकवलं की तुमी तसंच बोलायला लागाल. मग माझ्याकडं काय राहील?"